कुत्र्याला पाणी, आपल्याला आडनाव

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र हर्सूलहून एक जुनी गाडी घेऊन डोंगरात मुक्कामाला गेलो. सोबत तंबू, दोन सतरंज्या, डाळ-तांदूळ, पाण्याचे कॅन आणि आमचा मोत्या. मोत्या म्हणजे काही जातिवंत विलायती कुत्रा नव्हे, गल्लीतच वाढलेला गावठी. फोटो ग्रुपवर टाकला आणि चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी लगेच लिहिले, "पोरांनो, समाज कुठं चाललाय आणि तुम्ही कुत्रं घेऊन डोंगर हिंडता? हे श्रीमंतांचे चोचले आहेत."

काकांनी आयुष्य चळवळीला दिले आहे. त्यांचा मान ठेवूनच सांगतो, त्यांचे चुकले.

आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांनी किती डोंगर तुडवले याचा हिशेब कोणी ठेवला आहे का? महारकी म्हणजे दुसरे काय होते? सरकारी टपाल पोचवा, मयताचा सांगावा घेऊन परगावी जा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा, रात्री गावाची सीव राखा. हे सगळे चालणे दुसऱ्याच्या हुकमाने होते. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली तेव्हा कुठे ही वेठ कायद्याने संपली. म्हणजे या गोष्टीला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्यामुळे आपला पोरगा कोणाचा निरोप न पोचवता, कोणाचे ओझे न वाहता, केवळ त्याला वाटले म्हणून डोंगर चढतो, याला मी चोचले म्हणायला तयार नाही.

आणि बाबासाहेब? 1934 साली ते साधारण तीस सहकाऱ्यांना घेऊन मोटारबसने सहलीलाच निघाले होते. वेरूळची लेणी पाहायची होती आणि वाटेत दौलताबादचा किल्ला. तो प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वाटेत अडचणी नकोत म्हणून ओळख न सांगता प्रवास करायचे ठरले होते. अंगावर धूळ होती, किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद दिसला. काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि अट पाळली जाते का हे बघायला एक शस्त्रधारी शिपाई सोबत दिला. (ओरडणारा म्हातारा मुसलमान होता एवढेच धरून हल्ली काही जण हा प्रसंग भलत्याच कामाला वापरतात. बाबासाहेबांनी तिथे जमावाला विचारले होते की आम्ही मुसलमान झालो तर तुम्ही असेच वागाल का? जमाव गप्प झाला. जात कोणत्या धर्मात शिरत नाही, हा त्यातला मुद्दा आहे.)

हा दौलताबाद आमच्या हर्सूलपासून गाडीने तासाभराच्या आत आहे.

आता आमचे काय झाले ते सांगतो. कन्नडच्या बाजूला एका गावाशेजारी आम्ही संध्याकाळी थांबलो. रानाच्या कडेला मोकळी जागा होती. एक गृहस्थ आले, चांगले बोलले. "टाका की इथं तंबू, कुणाची ना नाही." मोत्याला बघून खुश झाले, त्याला जनावरांच्या हौदाकडे घेऊन गेले, पोटभर पाणी पाजले. मग आमच्याकडे वळून विचारले, "कुठले पाव्हणं? आडनाव काय?" आमच्यातल्या एकाचे आडनाव ऐकूनही त्यांचा अंदाज बसेना. मग त्यांची नजर गाडीच्या काचेवरच्या निळ्या स्टिकरवर गेली. आवाज बदलला नाही, शिवी नाही, काही नाही. एवढेच म्हणाले, "मालकाला विचारावं लागंल. रान त्यांचं हाय. तुम्ही आपलं पुढं बघा." आमचे कॅन रिकामेच राहिले. मोत्या मात्र शेपूट हलवत त्यांच्या मागे चालला होता, त्याला हाक मारून आणावे लागले.

महाडचे चवदार तळे आठवले नाही तरच नवल. बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव 1924 चा, आणि तरी 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्यावर गुरे-कुत्री जाऊ शकत होती, आपण नाही. त्याच वर्षी 25 डिसेंबरला जी मनुस्मृती जाळली, तिचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावीत आणि कुत्री-गाढवे हीच त्यांची संपत्ती असावी, असे त्यात आहे. कुत्र्याला आपल्याबरोबरच वेशीबाहेर ठेवले होते. आज तेच कुत्रे मोठ्या गाडीत मागच्या सीटवर बसून डोंगर बघायला निघाले आहे, त्याच्यासाठी वेगळे बूट आणि वेगळी बाटली मिळते. त्याची बढती झाली याचे मला वाईट वाटत नाही. मोत्या माझाही लाडका आहे. पण वेशीबाहेरच्या दुसऱ्या सोबत्याला अजून आडनाव विचारले जाते.

यापेक्षा मोठी गोष्ट जमिनीची आहे आणि काकांनी तिच्याबद्दल विचारले असते तर मला आवडले असते. ही तंबू टाकायची 'मोकळी जागा' असते कोणाची? मराठवाड्यात पुष्कळदा ती गायरान असते. याच गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे, बाया लेकरांसह तुरुंगात गेली. नंतर शासनाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे धोरण घेतले. सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी आमच्या कित्येक बायाबापड्या आजही तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. 2022 ला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या तेव्हा पहिली झोप कोणाची उडाली? त्याच जमिनीवर शहरातून आलेल्याने दोन दिवस तंबू टाकला तर ते 'निसर्गाच्या सान्निध्यात', आणि भूमिहीनाने तीस वर्षे पेरले तर अतिक्रमण! म्हणून आपल्या पोरांनी तंबू टाकण्याआधी त्या जागेवर कोण पेरते हे विचारावे, आणि विचारायला मालकाच्या वाड्यावर न जाता आधी वस्तीवर जावे. आम्ही त्या रात्री तेच केले. बौद्धवाड्यातल्या एका आईने चार भाकरी जास्तीच्या टाकल्या. सकाळी तिच्या गायरानाच्या दाव्याचे कागद आम्ही फोनवर घेऊन आलो, आता त्याचे काम चालू आहे. काका, ही सहल होती की चळवळ, तुम्हीच ठरवा.

कुत्रे न्यायचे तर मात्र जबाबदारीने न्या. शेळ्या-मेंढ्या दिसल्या की पट्ट्याला दोरी लावा. एका शेळीचा चावा म्हणजे एखाद्या बाईचा महिन्याचा खर्च असतो, आणि ती बाई बहुधा आपलीच किंवा धनगरवाड्यातली असते. रेबीजची लस टोचून घ्या. आपला काळा दगड फेब्रुवारीपासूनच तापतो, हाताची पालथी बाजू टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो. गौताळ्यासारख्या अभयारण्यात कुत्रे नेऊच नका. तिथे बिबटे आहेत, आणि बिबट्याला कुत्रे आयतेच सापडते. दौलताबादचा किल्ला, औरंगाबाद लेणी, वेरूळ, अजिंठा ही संरक्षित स्मारके आहेत, तिथे जनावर आत नेता येत नाही. एकाने बाहेर थांबायचे, आळीपाळीने आत जायचे. लेणी आपल्या पूर्वजांची आहेत म्हणून नियम आपल्याला नाही असे समजू नका. पत्रावळी, प्लास्टिक, बाटल्या परत आणा. कचऱ्याच्या प्रकल्पाशेजारी राहणे काय असते ते हर्सूलकरांना वेगळे सांगायला नको.

आणि काचेवरचा निळा स्टिकर काढू नका. त्या रात्री आमच्यातला एक जण म्हणालाच होता, "पुढच्या वेळी काढून ठेवू, कटकट नको." 1934 ला ओळख लपवून निघालेल्यांनाही हौदावर ओळखलेच.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच गावाला जाणार आहोत. हर्सूल टी पॉइंटवर पहाटे पाच वाजता जमायचे. सातबारा आणि फेरफार वाचता येणारा एखादा वकील किंवा तलाठ्याचा पोरगा सोबत आला तर उत्तम. काकांनाही बोलावले आहे. ते म्हणाले, "येईन, पण ते कुत्रं माझ्या शेजारी बसवू नका." मोत्याची मागची सीट ठरलेली आहे.