वालपापडीला खत नको, निचरा द्या

गणपती उठले की सुरतेतल्या आपल्या वाचकांची पापडी टोकायची लगबग सुरू होते. उधना, लिंबायत, डिंडोलीकडे खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या घरांच्या परसात हमखास एखादा मांडव दिसतो. तक्रारही ठरलेली असते: वेल मांडवभर पसरला, शेंग मात्र नाही.

अशा वेळी आपण आणखी शेणखत घालतो, आणि घोळ तिथेच होतो. वाल स्वतःचा नत्र स्वतः मिळवतो. महिनाभराचा एखादा वेल हलक्या हाताने उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर हा नत्र मिळवून देणारे गाठींतले जीवाणू कामावर आहेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर ते निष्क्रिय आहेत, आणि सुरतच्या भारी काळ्या मातीत त्याचं मोठं कारण साचलेलं पाणी. मुळांना हवाच मिळत नाही. वरून खताचा मारा केला की कोवळी पालवी फोफावते आणि मावा आपसूक येतो. मग निंबोळी अर्काच्या बाटल्या. वेळेचाही प्रश्न आहे: जुन्या वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फूलच येत नाही. जूनमध्ये टोकलेल्यांनी चार महिने नुसती पानं पोसली.

तेव्हा खताआधी वीतभर उंच गादीवाफा आणि पाणी वाहून जाईल असा चर. तीच गत वांग्याची. त्याला खत लागतं, पण ओल्या पायांनी तेही मर रोगाला बळी पडतं.

जीवामृत या द्रवखताचाही असाच मारा होतो. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं प्रमाण एका एकराला 200 लिटर पाण्याचं: 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी 2 किलो, मूठभर माती. 200 चौरस फुटांच्या परसाला त्या हिशेबाने लिटरभरही लागत नाही. आपण बादल्या ओततो! जवळचा डांग जिल्हा 2021 मध्ये पूर्ण नैसर्गिक शेतीचा म्हणून जाहीर झाल्यापासून तिथलं बघून करण्याची हौस वाढली आहे. हौसेला ना नाही, पण डांग डोंगराळ आहे, उतारावरचं पाणी थांबत नाही. आपल्या सपाट चिकणमातीत तेच केलं तर चिखल होतो.

आता खास सुरती दुखणं. लूमच्या कामामुळे घरात चिंध्या आणि सुताच्या गुंड्या फुकट मिळतात, म्हणून मांडव बांधायला आणि आच्छादनालाही त्याच. बहुतेक माल पॉलिएस्टर. तो कुजत नाही, त्याचे धागे सुटून मातीत मिसळतात आणि पुढच्या खुरपणीला बोटांत अडकतात. रसायन न फवारता पिकवलेल्या भाजीखाली प्लॅस्टिकचा थर कशाला? आच्छादनाला पालापाचोळा, उसाचं पाचट, भाताचा पेंढा. मांडवाला काथ्या, हंगाम संपला की वेलासकट कापून खतखड्ड्यात टाकता येतो.