नाव एक, मेमरी दोन

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो बजेटचा. आकडा सांगितला की गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड समोर हजर. मॉनिटर कोणता, बोर्ड कोणता, हे क्वचितच कुणी विचारतं. गिऱ्हाईकही खोक्यावरचा नंबर बघून खूश.

त्या नंबरातच गोम आहे. एनव्हिडियाने एप्रिल 2025मध्ये आरटीएक्स 5060 टीआय बाजारात आणलं ते एकाच नावाने, पण 8 आणि 16 जीबी अशा दोन मेमरींत. अमेरिकेत जाहीर किंमत 379 आणि 429 डॉलर. एएमडीने आरएक्स 9060 एक्सटीला तोच कित्ता गिरवला. खोड जुनीच. 2016च्या जीटीएक्स 1060चं 3 जीबीवालं कार्ड घेणाऱ्याला मेमरी तर निम्मी मिळायचीच, वर कोअरही 1280ऐवजी 1152.

माझं म्हणणं सरळ आहे: आज नव्या कार्डावर पैसे घालणार असाल तर 8 जीबीच्या वाटेला जाऊ नका. नुसतं व्हॅलोरंट खेळणाऱ्याला ते पुरेल. पण त्याला मुळात नवं कार्ड कशाला हवंय?

गेमची टेक्स्चर्स कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की उरलेली बोर्डावरच्या रॅममध्ये जातात आणि पीसीआय एक्सप्रेसवरून ये-जा करतात. 5060 टीआय तिथल्या सोळापैकी आठच लेन वापरतं. बोर्ड नवा असेल तर झळ कमी. पण आपल्याकडे अजून घरोघरी चालणारा बी450 असेल तर स्लॉट 3.0चा, म्हणजे लेनचा वेग 5.0च्या पाव. सरासरी एफपीएस झकास दिसतो आणि ऐन वळणावर गाडी अडखळते. म्हणून रिव्ह्यूमध्ये सरासरीआधी ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्सचा एफपीएस, वाचा. जुन्या बोर्डवालाच पैसे वाचवायला 8 जीबी घेतो आणि मारही त्यालाच जास्त बसतो, असा हा उफराटा न्याय.

मुळात कार्ड बदलायची गरज आहे का, तेही बघा. खेळताना जीपीयूचा वापर 97-98 टक्क्यांवर असेल तर कार्ड दमलंय. साठीतच घुटमळत असेल तर बहुधा प्रोसेसर.

राहिला पॉवर सप्लाय. ‘450 वॉट’ लिहिलेल्या स्वस्तातल्या डब्याच्या कडेचं लेबल वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर असेल तर हिशोब होतो 216 वॉटचा. कार्डालाच 180 लागतात. उरलेल्या 36 वॉटमध्ये प्रोसेसर, पंखे, हार्ड डिस्क सगळं चालवायचं? आधी बऱ्या कंपनीचा 650 वॉटचा सप्लाय घ्या; कार्ड पुढच्या पगाराला घेतलं तरी चालेल.