मोटारीतील रडारशोधक : निवड, उपयोग आणि मर्यादा

तिरुचिरापल्लीहून तंजावरकडे जाणारा महामार्ग सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा असून तो कावेरीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशातून जातो. रस्ता रुंद आहे, मध्ये दुभाजक आहे, आणि मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर केव्हा गेला हे चालकाच्या ध्यानातही येत नाही. परंतु हाच रस्ता समयपुरमच्या मारियम्मन देवळाकडे पायी निघालेल्या भाविकांचाही आहे, आणि सुगीच्या दिवसांत भाताची पोती वाहणाऱ्या वाहनांचाही आहे. जुलै २०२४ मध्ये या महामार्गावर पदयात्रेकरूंच्या एका जथ्यात मालवाहू वाहन घुसले व त्यात अनेकांना प्राण गमवावे लागले. अशा रस्त्यावर वाहनांच्या वेगावर लक्ष ठेवणे हे पोलिसांचे कर्तव्यच होय. त्यांच्या हाती वेग मोजणारी यंत्रे आली आहेत. आणि त्या यंत्रांची चाहूल चालकास आधीच लागावी म्हणून तयार केलेली एक लहानशी पेटीही बाजारात आली आहे. तिला रडारशोधक असे म्हणता येईल. ही पेटी कशी निवडावी व कशी वापरावी, असा प्रश्न अनेक मोटारमालक विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणे इष्ट ठरेल.

वेग कसा मोजला जातो

धावत्या आगगाडीची शिट्टी, गाडी जवळ येत असता चढ्या सुरात व दूर जाऊ लागताच उतरत्या सुरात ऐकू येते, हा सर्वांच्या अनुभवातील प्रकार आहे. या घटनेचे तत्त्व ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बालोट यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. पोलिसांचे रडार हेच तत्त्व रेडिओतरंगांना लावते. यंत्रातून निघालेले तरंग मोटारीवर आदळून परत फिरतात. मोटार समोरून येत असेल तर परतलेल्या तरंगांची कंप्रता किंचित वाढलेली असते. सेकंदाला सुमारे २,४१५ कोटी कंपने असलेल्या तरंगांच्या बाबतीत, ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मोटारीमुळे पडणारा फरक सेकंदाला अवघ्या ३,५८० कंपनांच्या आसपास असतो. इतका सूक्ष्म फरक मोजून यंत्र क्षणार्धात वेगाचा आकडा दाखविते. रस्त्यावरील वाहनांसाठी रडारचा असा उपयोग अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. १९७४ मध्ये त्या देशात सर्वत्र ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झाल्यावर रडारशोधकांचा खप वाढला.

शोधक स्वतः काहीही प्रक्षेपित करीत नाही. तो केवळ विशिष्ट पट्ट्यांतील तरंग ऐकणारा ग्राहक आहे, आणि त्याला निसर्गाचे एक साहाय्य लाभलेले आहे. तरंग जसजसे दूर जातात तसतसे ते पसरतात; अंतर दुप्पट झाले की शोधकापर्यंत पोहोचणारी शक्ती चौथ्या हिश्शावर येते. पोलिसांच्या यंत्राला मात्र प्रतिध्वनीची वाट पहावी लागते, आणि जाताना व येताना अशा दोन्ही वेळा क्षीण झाल्यामुळे तो सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून रडारला मोटार 'दिसण्यापूर्वीच' मोटारीला रडार 'ऐकू' येऊ शकते. शोधकाची सारी उपयुक्तता या एका गोष्टीवर उभी आहे.

निवडताना काय पहावे

ज्या देशांत रडारशोधक वापरण्यास मुभा आहे, तेथे जाणकार ग्राहक प्रथम तीन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे ज्या पट्ट्यांत पोलीस यंत्रे चालवितात ते पट्टे शोधक ऐकतो काय. दुसरी म्हणजे तो खोटा इशारा किती वेळा देतो. दुकानांची आपोआप उघडणारी दारे आणि पुष्कळशा नव्या मोटारींत बसविलेली, शेजारच्या वाहनाची सूचना देणारी साधनेही याच तरंगांचा उपयोग करतात. त्यामुळे हलक्या प्रतीचा शोधक शहरातून जाताना अखंड किणकिणत राहतो, आणि सतत वाजणाऱ्या घंटेकडे शेवटी कोणी लक्ष देत नाही. याकरिता चांगल्या यंत्रात शहरासाठी संवेदनक्षमता कमी करण्याची सोय असते. तिसरी गोष्ट जागेची. यंत्र समोरच्या काचेपाशी अशा रीतीने बसवावे लागते की त्याच्यापुढे धातूचा अडथळा येणार नाही आणि चालकाच्या दृष्टीलाही आड येणार नाही. काही मोटारींच्या काचांवर उष्णता अडविणारा धातूचा पातळ थर असतो. त्यामागे ठेवलेला शोधक जवळजवळ बहिरा होतो.

एवढी काळजी घेऊनही जे यंत्र हाती येते ते सर्वज्ञ नसते. रडार बंद ठेवून, मोटार टप्प्यात आल्यावरच ते क्षणभर चालू करणारा पोलीस शोधकाला पूर्वसूचनेची संधीच देत नाही. आणि आपल्या देशातील पोलिसांकडे असलेल्या यंत्रांपैकी अनेक यंत्रे रडारची नसून लेसर प्रकाशाची आहेत. लेसरचा झोत इतका निमुळता असतो की ३०० मीटरवरही तो साधारण मीटरभरच रुंद होतो. ज्या मोटारीवर तो रोखला जातो तिच्या शोधकाला त्याची जाणीव होते खरी. परंतु तोवर वेग मोजून झालेला असतो. इशारा ही तेथे केवळ निकालाची वार्ता ठरते. याखेरीज, रस्त्याच्या दोन ठिकाणी छायाचित्रे घेऊन मधल्या अंतरावरून सरासरी वेग काढण्याची पद्धत आता रूढ होत आहे; मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून तिचा अवलंब झालेला आहे. या पद्धतीत ऐकण्यासारखे रडारचे तरंगच नसल्यामुळे उत्तमातील उत्तम शोधकही मुका राहतो.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. फ्रान्स व नेदरलँड्स या देशांत रडारशोधकाला बंदी आहे, आणि जर्मनीत वाहन चालविताना तो वापरता येत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्ये खासगी मोटारींत तो चालू देतात, परंतु व्हर्जिनिया राज्य देत नाही, आणि मोठ्या व्यापारी वाहनांना तर तेथे सर्वत्र मनाई आहे. भारतात बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यासाठी १९३३ च्या कायद्यान्वये परवाना लागत असे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यास शासनाची अनुमती आवश्यक मानली आहे. तेव्हा ज्या यंत्रासंबंधी विक्रेता अशी अनुमती दाखवू शकत नाही, ते केवळ सहज मिळते म्हणून विकत घेणे शहाणपणाचे नव्हे. पोलिसांच्या यंत्रात बिघाड घडवून आणणारी रोधक यंत्रे तर याहूनही आक्षेपार्ह होत.

खरा प्रश्न

परंतु कायदा बाजूस ठेवला तरी एक अधिक मूलभूत आक्षेप उरतो. रडारशोधक चालकाला पोलीस कोठे आहे एवढेच सांगतो. धोका कोठे आहे हे सांगत नाही. पदयात्रेकरू, रस्ता ओलांडणारी म्हातारी किंवा मागचा दिवा नसलेली बैलगाडी यांपैकी कोणीही तरंग सोडीत नाही. ज्या रस्त्यावर पोलीस नाही तेथे शोधक शांत असतो, आणि त्याच्या शांततेचा अर्थ चालक 'रस्ता निर्धोक आहे' असा करू लागतो.

या चुकीची किंमत किती, हे साध्या गणितानेही दाखविता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला ५८ मीटरवर रस्त्यात मूल दिसले असे समजा. ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात २२ मीटर अंतर कापले जाईल. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबण्यास सुमारे ३५ मीटर लागतील. मोटार मुलाच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहील. आता तोच चालक, तीच मोटार आणि तोच रस्ता, परंतु वेग ताशी १०० किलोमीटर आहे असे धरले, तर जेथे पहिली मोटार थांबली तेथे दुसरी अद्याप ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने धावत असेल. वेगात भर पडली केवळ चतुर्थांशाची. पण एका पक्षी मूल वाचते आणि दुसऱ्या पक्षी ते वाचण्याची आशा फार थोडी. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या नियमाचा रस्त्यावरील अर्थ हा असा आहे. आणि या धोक्याच्या मोबदल्यात मिळते काय? तिरुचिरापल्ली ते तंजावर हे सारे अंतर ८० ऐवजी १०० च्या वेगाने अखंड कापले, तर वाचतात जेमतेम आठ मिनिटे.

हा विचार केवळ कल्पनेतला नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. त्या वर्षी सर्वाधिक अपघातांची नोंद झालेले राज्य तमिळनाडू हेच होते.

मापन उघड आणि विश्वसनीय असावे

तथापि शोधक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला बेजबाबदार ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्याच्या मनात पुष्कळदा एक शंका असते : पोलिसांचे यंत्र बरोबर कशावरून? ही शंका शास्त्रीय आहे आणि तिला उत्तर मिळालेच पाहिजे. मापन करणाऱ्या यंत्राची वेळोवेळी तपासणी न झाल्यास त्याच्या आकड्याला अर्थ राहत नाही. गर्दीत रोखलेल्या रडारच्या रुंद झोतात भलत्याच वाहनाचा वेग नोंदला जाण्याचाही संभव असतो.

या बाबतीत तंजावरनेच एक धडा घालून दिला आहे. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाने दिलेल्या दानांची नोंद कोरलेली आहे. ती नोंद किती सोने दिले एवढ्यावरच थांबत नाही. ते 'आडवल्लान' नावाच्या वजनाच्या दगडाने तोलले, हेही सांगते. देणाऱ्या राजाच्या शब्दापेक्षा ज्ञात प्रमाणाने केलेले मापन महत्त्वाचे मानले गेले आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोर दगडावर लिहिले गेले.

आजच्या शासनाकडूनही नागरिकाने हीच अपेक्षा करावी. ती करण्यास कायद्याचा आधारही आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेल्या तरतुदीनुसार वेगावर पाळत ठेवणाऱ्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि असे यंत्र जेथे असेल तेथे चालकांना पूर्वसूचना देणारे ठळक फलक लावणे बंधनकारक आहे. २०२५ मध्ये वैध मापनशास्त्राच्या नियमांनीही वेग मोजणाऱ्या रडारची तपासणी व मुद्रांकन आवश्यक ठरविले. म्हणजे जी सूचना विकत घेण्यासाठी मोटारमालक हजारो रुपये खर्च करू पाहतो, ती रस्त्यावरच्या फलकाने त्याला विनामूल्य मिळावी, अशी व्यवस्था कायद्याने केलेली आहे. फलक नसेल तर तो मागावा. दंडाची नोटीस आल्यास यंत्राचे प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह धरावा. हा मार्ग शोधकाच्या मार्गाहून सरळ आहे, कारण त्याचा लाभ एका मोटारीला न होता सर्व रस्त्याला होतो.

म्हणून कोणता रडारशोधक घ्यावा या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर, तो घेऊ नये, असेच द्यावे लागते. जो चालक वेगमर्यादा पाळतो त्याला त्याची गरज नाही. जो पाळीत नाही त्याला तो नेमक्या घातक क्षणी काही सांगत नाही. मोटारीत वेगदर्शक काटा आधीच आहे, आणि चालकाला दोन डोळे आहेत. समयपुरमच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्या माणसाचे रक्षण करण्यास एवढी साधने पुरेशी आहेत. मात्र चालकाचे लक्ष पोलिसाच्या मागावर नसून रस्त्यावर असले पाहिजे.