पाकिटाची पाठ

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे उतरवले जातात. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली जातात, रद्दी वजनकाट्यावर चढते, आणि त्या रद्दीत कुठेतरी दोऱ्याने बांधलेला जुन्या पत्रांचा गठ्ठा असतो. गृहिणी विचारते, "हे ठेवायचे की द्यायचे?" यजमान वर्तमानपत्रातून मान न काढता सांगतात, "देऊन टाक!" तेवढ्यात घरातला एखादा बाळराजा कात्री घेऊन धावत येतो, "थांबा, मला तिकिटे कापून घेऊ द्या!"

वाचकहो, त्या बाळराजाच्या हातातली कात्री काढून घ्या. एके काळी तो बाळराजा मीच होतो, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे.

तिकिटे जमवणारे पुष्कळ असतात, पण अख्खी पाकिटे जमवणारी एक वेगळीच जात आहे. तिकिटापेक्षा त्यांना शिक्के प्यारे. पत्र कोठून निघाले, कोणत्या वाटेने गेले, कोणी नेले, किती दिवसांत पोचले, हे सारे ते पाकिटावरून वाचतात. अमेरिकेत तर खाजगी कंपन्यांनी नेलेल्या जुन्या पत्रांची पाकिटे जीव टाकून जमवणारे लोक आहेत. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. खाणीवरच्या माणसाला घरच्या पत्राची ओढ, आणि सरकारी टपाल त्या डोंगरदऱ्यांत पुरे पडेना. मग खाजगी जासूद पुढे सरसावले. १८५२ मध्ये निघालेली वेल्स फार्गो ही त्यांतली नामांकित कंपनी. सरकारी तिकीट छापलेल्या लिफाफ्यावर ती आपलाही छाप मारी. म्हणजे गिऱ्हाईक सरकारला पैसे देई, वर कंपनीलाही देई, आणि तरी कंपनीकडेच जाई. १८६० च्या एप्रिलात सुरू झालेल्या 'पोनी एक्स्प्रेस'चे स्वार घोडे बदलत बदलत मिसुरीपासून कॅलिफोर्नियापर्यंत सुमारे दहा दिवसांत टपाल नेत. अर्ध्या औंसाला आरंभी पाच डॉलर पडत! दीड वर्षात तारायंत्राच्या तारा जोडल्या गेल्या आणि घोडे तबेल्यात गेले.

आपल्याकडे हे नवे नव्हते. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळली ती एका सावकारी जासुदाच्या थैलीतून. तो औरंगाबादच्या पेढीकडे निघाला होता, वाटेत नर्मदेजवळ पेशव्यांच्या माणसांनी त्याला अडवले. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या त्या चिठ्ठीने एका साम्राज्याचे दुःख सांगितले. सरकारी स्वारांच्या आधी सावकाराचा कासीद पोचला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे १८३७ च्या कायद्याने टपालाचा मक्ता कंपनी सरकारने स्वतःकडे घेतला, तरी व्यापाऱ्यांची महाजनी डाक कुठे कुठे चालूच राहिली. १८५४ च्या ऑक्टोबरात सबंध ब्रिटिश मुलखाला एकच दर आला. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला.

'ब्रिटिश मुलखात' म्हटले, ते मुद्दाम. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. निजामाचे टपालखाते निराळे, १८६९ पासून तिकिटेही निराळी. त्यांवर उर्दूबरोबर आपली मराठी अक्षरेही असत, पण ती तिकिटे राज्याच्या हद्दीबाहेर चालत नसत. १९५० मध्ये ते खाते भारतीय टपालात विलीन झाले. तोवर ज्या माहूरच्या रेणुकेला आमच्याकडची माणसे पिढ्यान् पिढ्या नवस बोलत आली, ती टपालाच्या हिशेबी परराज्यात होती. पुसदहून माहूर फार दूर नाही. पण पत्राचा रस्ता माणसाच्या रस्त्याहून वेगळा असतो.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे आजोबा पुसदला राहत. त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, माहूरकडच्या एका खेड्यात दिलेली. १९४४ च्या श्रावणात पणजी वारली. आजोबांनी त्याच दिवशी पत्र टाकले. ते पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. आत्याआजीच्या मनाने घेतले की, भावाने मुद्दाम उशीर केला, आईच्या अंगावरच्या पाटल्यांत वाटा मागायला बहीण येऊ नये म्हणून. आजोबा मानी. "मी त्याच दिवशी टाकले," एवढे एकदाच म्हणाले. पुन्हा खुलासा केला नाही. तेव्हापासून त्यांच्या कपाळाला भाऊबिजेचे कुंकू लागले नाही. पलीकडे आत्याआजी, भाऊ असून, दर भाऊबिजेला चंद्राला ओवाळी.

मी सहावीत असताना आईबरोबर माहूरला गेलो, तेव्हा वाटेत तिच्याकडे उतरलो. मला तिकिटांचा नाद, हे कळताच तिने ट्रंकेतला पत्रांचा गठ्ठाच माझ्या ओटीत टाकला. घरी येऊन मी कात्री चालवली. तिकिटे पाण्यात भिजवून सोडवली, वहीत डकवली, उरलेली पाकिटे बंबात गेली. कार्डे तेवढी वाचली, कारण त्यांवरचे तिकीट छापलेले. ते सुटत नाही म्हणून माझ्या लेखी कुचकामाचे. ती पत्र्याच्या डब्यात पडून राहिली.

नोकरी लागल्यावर जुन्या शिक्क्यांचे वेड लागले. यवतमाळचे इंग्रजी नाव 'येओटमाल' असे लिहिलेला ठसा दिसला की मला लॉटरी लागल्यासारखे होते. तेव्हा कुठे उमगले की पत्र टाकल्याची तारीख तिकिटावरच्या शिक्क्यात असते आणि पोचल्याची पाकिटाच्या पाठीवर. धावत वही काढली. १९४४ सालचे ते तिकीट होते. त्यावर 'पुसद' होते, साल होते. दिवस आणि महिना मात्र कात्रीच्या पलीकडे गेलेला. आणि पाठ तर बंबात जळून पंधरा वर्षे झाली होती. भावाबहिणींच्या भांडणातला एकमेव साक्षीदार मी आंघोळीच्या पाण्यासाठी जाळला होता. आजोबाही तोवर गेले होते.

मग डबा उपसला. १९४३ च्या श्रावणातले आजोबांचे एक कार्ड सापडले. गाय व्याली, पाऊस फार, नदीला उतार नाही, असला मजकूर. एका बाजूला पुसदचा शिक्का, दुसरीकडे पलीकडचा उर्दू शिक्का. ओळखीच्या एका उर्दू शाळेतल्या गुरुजींनी भिंग लावून तो वाचून दिला. आम्ही दोघांनी बोटांवर दिवस मोजले. चौदा भरले.

त्या वर्षी भाऊबिजेला कार्ड घेऊन मी माहूरकडे गेलो. आत्याआजीने ऐंशी ओलांडली होती. सारे खरे खरे सांगितले. हेही सांगितले की, हे त्या पत्राचे कार्ड नव्हे, आदल्या वर्षीचे आहे. खरा पुरावा माझ्या हातून गेला. यावरून एवढेच दिसते की, श्रावणात नदी चौदा दिवस खात असे.

ती बराच वेळ कार्डावरून बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, "मले वाचता येत नाही रे बापू. पण त्याचं अक्षर ओळखू येते." आणि थोड्या वेळाने, "त्यानं एकडाव येऊन सांगाचं होतं. नाहीतर म्या तरी जाऊन इचाराचं होतं."

संध्याकाळी ती चंद्राला ओवाळायला अंगणात गेली नाही. पाट मांडला, रांगोळीची रेघ ओढली आणि मला बसवले. "तुह्या आज्याच्या नावानं," एवढेच म्हणाली. हात कापत होता, म्हणून निरांजन सुनेने खालून धरले होते.

ते कार्ड आता माझ्या संग्रहात आहे. बाजारात त्याला फार तर चहाचे पैसे येतील. शेजारी ते कापलेले तिकीटही लावून ठेवले आहे. संग्रह पाहायला येणारी मुले विचारतात, "सर, हे फाटके तिकीट कशाला ठेवले?" मग मी त्यांना ही गोष्ट सांगतो.

तेव्हा यंदा माळा उतरवाल, तर गठ्ठ्याचा दोरा सोडा, पत्रे वाचा, आणि पाकीट एकदा उलटून पाहा. तिकीट कापू नका. घरातला कुणीतरी त्याच दिवशी पत्र टाकून बसलेला असेल.