परक्या मातीसाठी

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५ हजार स्वयंसेवक प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेले. त्यांत नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दारही होते. ‘जॉन स्मिथ’ या नावाने ते लढले, १९३८मध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या फौजेच्या हाती सापडले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या मठात कैदेत राहिले. आपल्याकडे हुद्दारांचे नाव किती क्वचित निघते!

आज युक्रेनमध्येही परदेशी स्वयंसेवक लढत आहेत, म्हणून हा विषय आम्हाला निकडीचा वाटला. या अंकात लढायांचे नकाशे कमी आहेत. घर सोडणारा माणूस आणि मागे उरलेले घर, यांच्याकडे आम्ही अधिक पाहिले आहे. तुम्हाला काय वाटले, ते जरूर कळवा. मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने लिहा.