ट्रॅक्टर असो की थार, जादा लाइटचा खरा खेळ वायरीत आणि बटणात आहे

ऑफ-रोड गाडी म्हटलं की रीलमधली थार आठवते. मोठे टायर, बंपरवर लांबलचक एलईडी बार आणि डॅशबोर्डवर ओळीनं बटणं. पण जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातल्या आष्टीत (बीडची आष्टी वेगळी, वर्ध्याची त्याहून वेगळी) डांबर सोडून सगळ्यात जास्त चालणारी गाडी कोणती, तर ट्रॅक्टर. आणि जादा लाइटची हौस म्हणा किंवा गरज म्हणा, ती तिथंही आहेच.

आधी गरजेचं बोलू, कारण सोशल मीडियावर या विषयाची सुरुवात थेट शिव्यांपासून होते.

या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि गोदावरीच्या अंगाला ऊस. पाऊस उघडल्यावर जमीन वाफशावर येते ती मोजक्या दिवसांसाठी. त्याच दिवसांत सगळ्यांनाच नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी करायची असते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो आधी स्वतःचं उरकतो, मग भाड्याची कामं घेतो, आणि हे सगळं दिवसाउजेडी मावत नाही. पुढं नोव्हेंबरच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसवाहतूक रात्रंदिवस चालते. कंपनीकडून आलेले दोन हेडलाइट पुढचा रस्ता दाखवतात, मागं चाललेला नांगर दाखवत नाहीत. त्यामुळं मागच्या बाजूला एखादा फोकस लावणं हा शौक नसतो, तो कामाचा भाग असतो.

मग कायद्याचं काय?

इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 108 नुसार गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. याला काही सवलती आहेत. रिव्हर्सचा पांढरा दिवा, नंबर प्लेटवरचा दिवा, इंडिकेटर. आणि याच यादीत शेतीच्या ट्रॅक्टरवरचा नांगरटीचा दिवाही आहे. म्हणजे मागचा फोकस सरसकट बेकायदा नाही. फक्त त्याची सवलत शेतात, अवजारावर आणि जमिनीवर उजेड पाडण्यापुरती आहे.

दिवा तोच, शेतात चालतो आणि बांध ओलांडून परतूर-माजलगाव रस्त्यावर आला की चालत नाही.

थोडा विचार केला तर हा प्रश्न दिव्याचा उरतच नाही. तो बटणाचा होतो. रस्त्याला लागताना फोकस एकट्यानं बंद करता येतो का? आला पाहिजे. पण अनेक ट्रॅक्टरवर तो येत नाही, कारण वायरिंग करताना सोपा मार्ग धरलेला असतो. हेडलाइटची वायर मधेच सोलायची, तिला नवी वायर गुंडाळायची, वर काळी टेप. हेडलाइट लावला की फोकस लागला, बंद केला की तोही बंद. रस्त्यावर हेडलाइट तर लागणारच, मग फोकसही चालूच राहतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला समोर पांढरा झोत दिसतो आणि त्याला वाटतं, समोरून गाडी येतेय.

रिले म्हणजे नेमकं काय, आणि तो का लागतो?

इथं जरा आकडेमोड करू. 55 वॅटचे दोन हॅलोजन फोकस म्हणजे 110 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची. 110 भागिले 12, म्हणजे साधारण 9 अँपिअर करंट. घरातला मोबाइल चार्जर ओढतो त्याच्या कितीतरी पट.

हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्वस्त बटणातून नेला, की बटणाच्या आतले तांब्या-पितळेचे पॉइंट दर वेळी ठिणगी खातात. काही महिन्यांत बटण गरम होतं, प्लास्टिक मऊ पडतं. शिवाय बॅटरीपासून बटणापर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंत वायर लांबत जाते. समजा जाऊन-येऊन 8 मीटर वायर आहे आणि ती 1 चौरस मिलिमीटरची बारीक वायर आहे. तिच्यातच सव्वा व्होल्टच्या आसपास खर्ची पडतं. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. मालक म्हणतो, फोकस मंद आहे, अजून दोन लावा. वास्तविक दिव्यात खोट नसतेच. तीच वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो.

रिले हा या भानगडीवरचा उपाय. ते म्हणजे करंटनं चालणारं बटण. बहुतेक रिलेच्या बुडाला चार पिना असतात आणि त्यांच्याजवळ आकडे छापलेले असतात. 30 नंबरला बॅटरीकडून येणारी जाड वायर, 87 वरून ती दिव्याकडे जाते. 85 आणि 86 या पिनांमध्ये आत छोटी कॉइल असते. एकीला बॉडीची अर्थ, दुसरीला डॅशबोर्डवरच्या बटणातून येणारी बारीक वायर. बटण दाबलं की कॉइल चुंबक बनते आणि आतला मोठा संपर्क जोडला जातो. बटणातून जाणारा करंट पाव अँपिअरही नसतो. जाड वायर बॅटरी ते दिवा अशी आखूड जाते, बटण कुठंही ठेवा.

आणि याच रचनेत एक जुगाड बसतं, जे चांगल्या अर्थानं जुगाड आहे. पुढच्या जादा लाइटच्या 86 नंबरच्या पिनेला करंट बटणातून देताना तो अप्परच्या वायरीवरून घेतला, तर ड्रायव्हरनं डिपर मारताच जादा लाइट आपोआप बंद होतात. समोरून गाडी आली की दोन बटणं शोधत बसायला नको. मागच्या फोकसला मात्र पूर्ण वेगळं बटण हवं, आणि तो चालू आहे हे सांगणारा छोटा लाल ठिपका डॅशवर हवा. पुढं बघून चालवणाऱ्याला मागं काय जळतंय ते कळत नाही.

फ्यूज कुणाला वाचवतो?

फ्यूज दिव्याला वाचवतो असा सार्वत्रिक समज आहे. तो वायरीला वाचवतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. दिव्याजवळ फ्यूज लावला आणि मधली वायर कुठं पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा करंट त्या जागी जाणार आणि फ्यूज ढिम्म राहणार. वरच्या उदाहरणात 9 अँपिअरच्या भाराला 15 अँपिअरचा फ्यूज योग्य. तो वारंवार उडतोय म्हणून त्या जागी तांब्याची तार पिळणं म्हणजे, सरळ सांगायचं तर, वायरलाच फ्यूज बनवणं.

ट्रॅक्टरवर हा धोका कारपेक्षा जास्त आहे. हादरे, चिखल, धूळ, शेडमध्ये उभ्या गाडीत शिरणारे उंदीर. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी बुच नसेल तर कडेवर घासून आवरण जातं. आणि मागं ट्रॉलीत बऱ्याचदा कापूस किंवा कडबा असतो. त्यासमोर ठिणगी पडणं कसं असेल, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात सांगायला नको. आग लागलीच, तर वायरिंग कुणी आणि कसं केलं हा प्रश्न विमा कंपनी विचारणार, हे वेगळंच.

आणखी एक हिशेब राहतो. अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर 36 अँपिअरच्या आसपासचा असतो, तोही इंजिन जोरात फिरत असताना. हेडलाइट 9, चार जादा फोकस 18, वर साउंड सिस्टीम. मग सकाळी बॅटरी उतरलेली का, याचं उत्तर यातच आहे.

आणि थारवाले?

त्यांच्यासाठी नियम जास्त कडक आहे, आणि ते बरोबरच आहे. त्यांना नांगरटीची सबब नाही. नियम 111 नुसार गाडीच्या पुढं स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी असेल तरच. नियम 106 झोताचा कोन सांगतो. दिव्यापासून 8 मीटर लांब, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंच, एवढ्या जागी असलेल्या डोळ्यांवर झोत पडून ते दिपता कामा नयेत. छतावरचा बार या कसोटीला उतरण्याची शक्यता जवळपास नाही. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 182अ म्हणतं की नियमात न बसणारा बदल मालकानं केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ज्या बुलबारवर हे दिवे चढवतात, त्यावर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं.

हॅलोजनच्या जागी नुसता एलईडी बल्ब बसवणं हा प्रकार त्याहून जास्त पसरलेला आहे. हेडलाइटचा आरसा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून निघाला की डिपरवरही झोत वर फाकतो. चालवणाऱ्याला वाटतं मस्त दिसतंय. समोरच्याचे डोळे दिपतात आणि सावरायला दोन-तीन सेकंद लागतात. ताशी 60 च्या वेगात तीन सेकंद म्हणजे 50 मीटर, आणि तेवढं अंतर तो अंदाजानं कापतो.

आता वायरिंगच्या दुकानात जाऊन काय मागायचं? बॅटरीजवळ फ्यूज, रिले, 2.5 ची वायर, टेपऐवजी सोल्डर केलेला किंवा नीट दाबलेला जोड, आणि मागच्या फोकसला वेगळं बटण. फोकसच्या मानानं हा खर्च किरकोळ असतो. कारागिराला हे सगळं येतं. घाईत आणि 'भाऊ, चालू करून द्या फक्त' या आग्रहात ते राहून जातं.

जाता जाता ट्रॉलीचं. ट्रॅक्टरच्या मागं कंपनीनं दिलेलं सात पिनांचं सॉकेट असतं, ते ट्रॉलीच्या टेललाइट आणि इंडिकेटरसाठी. कित्येक ट्रॉल्यांची वायर तुटलेली असते, किंवा मागचा दिवा उसाच्या मोळ्यांखाली गडप झालेला असतो. त्यामुळं पुढं सहा फोकस झळकत असतात आणि सगळ्यात मागची ट्रॉली, जिच्यावर रात्री कुणीतरी येऊन धडकू शकतं, ती काळोखात असते. ही वायर दुरुस्त करायला नवा दिवा लागत नाही, रिलेही लागत नाही. प्लग जोडून एकदा मागं जाऊन बघायचं, की लाल दिवा लागलाय का.