वुजूचं पाणी आणि शेजाऱ्याचा हंडा

मार्च उलटला की मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत टँकरची घरघर सुरू होते. त्याच दिवसांत आपल्या मोहल्ल्यांत मशिदीच्या नव्या टाइल्स, नवे कूलर, वुजूखान्याचे नवे नळ यांसाठी चंदा गोळा होत असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. आम्हाला मात्र वाटतं की पर्यावरणाची चर्चा आपल्या समाजात सुरू करायची तर ती इथूनच करावी.

जगभरात हा विषय आता धार्मिक व्यासपीठांवर आला आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर स्वतंत्र पत्रक काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूल इथं मुस्लिम विद्वानांनी हवामान बदलावर जाहीरनामा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबीत 'अल-मीझान' हा पृथ्वीविषयीचा करारनामा प्रसिद्ध झाला. चांगलंच आहे. पण लातूरच्या किंवा बीडच्या नमाजीपर्यंत त्यातलं काय पोहोचलं? ५ जूनला एखादं रोपटं लावून फोटो काढण्यापलीकडे फार काही नाही, आणि ते रोपटं पुढच्या उन्हाळ्यात कुठं असतं हेही सगळ्यांना माहीत आहे.

आता थोडा हिशेब करू. बुखारी शरीफमध्ये हजरत अनस (र.) यांची रिवायत आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापात पाऊण लिटरच्या आतबाहेर. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, ही इब्ने माजामधली हदीस खुत्ब्यात अधूनमधून ऐकू येते. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, पण मुद्दची रिवायत पक्की आहे आणि अर्थ तोच निघतो. आपल्या वुजूखान्यात नळ मिनिटाला चार लिटर पाणी सोडतो असं धरलं आणि वुजूला दीड मिनिट लागलं, तर माणशी सहा लिटर. जुम्म्याला तीनशे नमाजी असतील तर एका नमाजेला अठराशे लिटर. हे पाणी गटारात जातं, आणि मशिदीच्या मागच्या गल्लीत बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. त्यात आपल्याही आयाबहिणी असतात आणि शेजारच्याही.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी लातूरचा २०१६ चा उन्हाळा आठवावा. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणावं लागलं.

मराठवाड्याला पाण्याची अक्कल बाहेरून शिकायची गरज मुळात नव्हती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि शहरासाठी नहर काढली. डोंगरालगतचं भूगर्भातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ना पंप, ना वीज. त्याच परंपरेतली पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात काही किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी येतं, उंच भिंतीवरून हौजात पडतं, आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. यात्रेकरू, फकीर आणि गरिबांसाठी तिथं पीठ दळलं जाई. हौजाखालचा दालनाचा भाग भर उन्हाळ्यातही गार राहतो. इबादत, पाणी आणि भुकेल्याची सोय एकाच जागी बसवलेली होती.

आज तेच शहर पैठणच्या जायकवाडीवर अवलंबून आहे, आणि कित्येक वस्त्यांत नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं. नहरींच्या मार्गावर बांधकामं झाली, कुठे सांडपाणी शिरलं. गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा, राज्य वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे. २०२५ च्या वक्फ कायद्यावर आपल्याकडे खूप वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण जमिनींचा प्रश्न खरा आहे. पण वक्फ म्हणजे फक्त सातबारा नव्हे. हजरत उस्मान (र.) यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेऊन सगळ्यांना खुली केली, ती वक्फची सुरुवातीची ठळक उदाहरणं सांगताना आपण सांगतोच. आपल्या किती वक्फ जमिनींवरच्या विहिरी आणि बारव आज कचऱ्याने भरलेल्या आहेत, याची यादी मात्र कुणी मागत नाही.

शेजाऱ्याचं काय, असा प्रश्न येईल. सूरह निसामध्ये नात्यातल्या शेजाऱ्यासोबत परक्या शेजाऱ्याचाही हक्क सांगितला आहे. तो आपल्या लोकांनी पाळला नाही असं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कवलप्पारा इथं दरड कोसळली. मृतदेहांच्या शवविच्छेदनाला जागा नव्हती, तेव्हा जवळच्या पोत्तुकल्लच्या मशिदीने आपला नमाजचा भाग त्यासाठी दिला. मृत कोणत्या धर्माचा हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे मे २०२० मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून ३६ लाख रुपये जमवले आणि सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा राहिला. २०२३ मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला आल्या. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच, म्हणून अनेक गावांतल्या जमातींनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही. पोलिसांनी सांगायच्या आधीच हे ठरवणाऱ्या गावांचं आम्हाला जास्त कौतुक वाटतं.

संकटात आपण धावतो. अडचण रोजच्या वागण्यात आहे. मिलादच्या जुलूसमधल्या डीजेवर सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की गणेशोत्सवात तो आवाज घातक असेल तर ईदलाही घातकच. यावर चिडण्यासारखं काय आहे? निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजारच्या घरातल्या हृदयरोग्याला आवाज कुणाच्या सणाचा आहे यानं काही फरक पडत नाही. दुसऱ्यांचा डीजे आधी बंद करा मग आमचा, हा युक्तिवाद चौकात चालतो, दीनमध्ये नाही. कुर्बानीच्या अवशेषांचंही तेच. पालिकेची गाडी येते की नाही हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो भांडून सोडवावा, पण गाडी आली नाही म्हणून आतडी नाल्यात टाकायची परवानगी कुणी दिलेली नाही.

पुन्हा वुजूखान्याकडे येऊ, कारण तिथलं काम स्वस्त आहे. वुजूच्या पाण्यात सहसा साबण नसतो. ते संडासच्या पाण्यापासून वेगळ्या नळीने काढलं, तर गाळून झाडांना किंवा फ्लशला वापरता येतं. जागा असेल तर दगड-गोटे आणि वाळूचा शोषखड्डा करून जमिनीत मुरवता येतं, फक्त तो पिण्याच्या विहिरीपासून पुरेसा लांब हवा. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीत वुजूचं पाणी पुन्हा वापरतात आणि छतावर सौर पॅनेल आहेत. एवढं मोठं आपल्याला जमणार नाही, पण साध्या नळाऐवजी दाबून सोडायचे नळ बसवायला ट्रस्टच्या एका बैठकीचा ठराव पुरतो. छताचं पावसाचं पाणी बोअरकडे वळवायला गावातला प्लंबर पुरतो. बोअरला पाणी लागलं तर एक नळ मशिदीच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या बाजूला काढावा, म्हणजे ज्याला हवं त्याला भरता येईल.

मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. खड्डा खणून वाळू भरायला पंधरा दिवस लागतात, त्यामुळे मुतवल्ली आणि ट्रस्टींची बैठक एप्रिलमध्येच बोलवावी लागेल.